आज्ञा ऐकणारे कवच

संगणक म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर रंगीत चित्रे येतात. चित्रावर बोट टेकवले की काम होते. परंतु संगणकाशी बोलण्याची याहून जुनी एक रीत आहे आणि ती अजूनही मोडलेली नाही. काळ्या पडद्यावर एक लहानशी खूण लुकलुकत असते. तिच्यापुढे आपण एक शब्द लिहितो, एंटरची कळ दाबतो आणि संगणक त्या शब्दाप्रमाणे काम करतो. 'डेट' लिहिले तर तारीख व वेळ सांगतो. 'एलएस' लिहिले तर समोरच्या फोल्डरातील फाईलींची यादी देतो. हे शब्द प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत लिहायचे असतात. येथे आपण ते आपल्या सोयीसाठी मराठीत लिहू.

ही रीत जुनी म्हणून तिला कमी लेखू नका. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून या यादीतील सगळेच्या सगळे संगणक 'लिनक्स' या प्रणालीवर चालत आले आहेत आणि त्यांच्याकडून काम करून घेणारे शास्त्रज्ञ बहुतेक वेळा असाच काळा पडदा उघडून आज्ञा लिहितात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या 'परम' मालिकेतील महासंगणकांनाही याच रीतीने काम सांगितले जाते.

आता प्रश्न असा की, आपण लिहिलेला शब्द वाचतो कोण? यंत्राला तर शब्द कळत नाहीत. तो वाचतो 'शेल' नावाचा प्रोग्राम. गंमत अशी की, शेल हा काही जादूचा प्रोग्राम नाही. तुमच्या वर्गातला एखादा चिकाटीचा विद्यार्थी 'सी' भाषा शिकला, तर शंभरेक ओळींत स्वतःचा लहानसा शेल लिहू शकतो. तो कसा लिहितात आणि लिहिताना माणूस कुठे कुठे अडखळतो, हे आपण पाहू.

आधी नावाचा अर्थ. अक्रोड फोडला की आत गर निघतो. उर्दूत त्याला आपण मग्ज म्हणतो. संगणकाच्या प्रणालीचेही तसेच आहे. आतला गर म्हणजे 'कर्नल'. स्मृती कोणाला किती द्यायची, कोणता प्रोग्राम आधी चालवायचा, फाईल कुठे ठेवायची, हा सारा कारभार कर्नल पाहतो. माणूस थेट त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मध्ये कवच असते. ते माणसाचे ऐकते आणि आत कळवते. कवचाला इंग्रजीत शेल म्हणतात. हे नाव लुई पूझाँ या फ्रेंच संशोधकाने दिले. १९६० नंतरच्या काही वर्षांत ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काम करत होते. फाईलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा ओळीने चालवणारा 'रनकॉम' नावाचा प्रोग्राम त्यांनी तेथे लिहिला आणि पुढे 'मल्टिक्स' या प्रणालीची आखणी सुरू असताना अशा प्रोग्रामला शेल म्हणावे, असे सुचवले.

१९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' ही प्रणाली उभारायला सुरुवात केली. शेल हा कर्नलच्या आत कोंबलेला भाग नसावा, इतर प्रोग्रामांसारखाच एक साधा प्रोग्राम असावा, हा विचार त्यांनी मल्टिक्सकडून उचलला आणि नेटाने पाळला. माझ्या मते युनिक्सच्या लोकप्रियतेत या निर्णयाचा वाटा फार मोठा आहे. शेल साधा प्रोग्राम असल्यामुळे ज्याला तो आवडला नाही, त्याने दुसरा लिहिला. थॉम्पसन यांचा शेल १९७१ च्या पहिल्या आवृत्तीबरोबर आला. स्टीफन बॉर्न यांचा शेल १९७९ मध्ये बाहेर पडला. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला 'बॅश' १९८९ मध्ये आला आणि तो आजही लाखो संगणकांवर चालतो. तेव्हा आपणही एक लिहिला, तर ती परंपरेला सोडून केलेली गोष्ट ठरणार नाही.

शेलचे काम थोडक्यात सांगता येते. खूण दाखव, ओळ वाच, ओळीचे शब्द कर, पहिल्या शब्दाच्या नावाचा प्रोग्राम चालव, तो संपेपर्यंत थांब, आणि पुन्हा खूण दाखव. बस्स, एवढेच चक्र. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस दिवसभर हेच करतो. गिऱ्हाइकाचे ऐकतो, माल आणायला पोऱ्याला आत पाठवतो, तो येईपर्यंत थांबतो, मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

हे चक्र आपण सी भाषेत लिहिणार आहोत. ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केली. तिला खालच्या पातळीची भाषा म्हणतात. खालची म्हणजे हलकी नव्हे! यंत्राच्या जवळची. वरच्या पातळीच्या भाषांमध्ये आपण 'एक वाक्य घे' म्हणतो आणि जागेची व्यवस्था भाषाच करते. सी भाषेत तसे लाड होत नाहीत. तेथे स्मृती म्हणजे एका रांगेत मांडलेले खण आहेत असे समजा. प्रत्येक खणात ० ते २५५ पैकी एक संख्या मावते. इंग्रजी मोठ्या 'ए' साठी ६५, कोऱ्या जागेसाठी ३२, असे अंक ठरलेले आहेत. शब्द कुठे संपला हे कळावे म्हणून शेवटच्या खणात शून्य ठेवतात. त्यामुळे चार अक्षरांच्या 'डेट' या आज्ञेला पाच खण लागतात. हे पाचवे घर विसरणे हा सी शिकणाऱ्यांचा ठरलेला अपघात.

पहिले काम वाचण्याचे. ते सर्वांत सोपे वाटते आणि तेथेच सर्वांत मोठा धोका आहे. समजा, आपण ओळीसाठी १०० खण राखून ठेवले आणि कोणीतरी १५० अक्षरे लिहिली. उरलेली पन्नास कुठे जातील? सी भाषा ती पुढच्या खणांत टाकत जाते. त्या खणांत दुसऱ्या कोणाचे सामान आहे, याची ती चौकशी करत नाही.

सी भाषेत 'गेट्स' नावाचे एक तयार साधन असे होते. ते ओळ वाचून देई, पण जागा किती आहे हे विचारतच नसे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने लिहिलेला एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला गेला. एका संगणकावरून दुसऱ्यावर शिरण्याच्या त्याच्या वाटा अनेक होत्या. त्यांतली एक वाट याच 'गेट्स'मधून जात होती. 'फिंगर' नावाच्या सेवेने ओळ वाचण्यासाठी ५१२ खण राखले होते. मॉरिसच्या प्रोग्रामने ५३६ पाठवले. जादा अंक शेजारच्या जागेवर सांडले. काम झाल्यावर परत कुठे जायचे, त्याचा पत्ता तेथे लिहिलेला होता. तो पत्ताच बदलला आणि संगणक परक्याची आज्ञा पाळू लागला! त्या वेळी इंटरनेटवर सुमारे साठ हजार संगणक होते; त्यांपैकी सहा हजारांना ही बाधा झाली असावी, असा तेव्हाचा अंदाज होता. अखेर २०११ च्या नियमावलीत 'गेट्स' हे साधन सी भाषेतून काढूनच टाकण्यात आले.

म्हणून आपण 'एफगेट्स' वापरायचे. त्याला आधीच सांगावे लागते की, खण शंभर आहेत. मग ते फार तर ९९ अक्षरे घेते आणि शेवटी शून्य ठेवते. मात्र त्याच्या दोन खोडी लक्षात ठेवा. आपण दाबलेल्या एंटरचा अंकही ते ओळीत ठेवते. तो काढला नाही, तर शेल 'डेट' नावाचा प्रोग्राम न शोधता 'डेट आणि एंटर' अशा नावाचा प्रोग्राम शोधत बसतो आणि सापडत नाही म्हणतो. दुसरे असे की, लिहिणाऱ्याने कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबल्या तर 'आता ओळी संपल्या' असा त्याचा अर्थ होतो. तो निरोप आपण ओळखला नाही, तर शेल थांबण्याऐवजी पडदाभर आपली खूणच छापत सुटतो.

ओळ हाती आली की तिचे शब्द करायचे. खण एकेक तपासत जायचे. ३२ हा अंक दिसला की शब्द संपला असे समजून तेथे शून्य ठेवायचे आणि पुढचा शब्द कोठे सुरू होतो त्याची नोंद करायची. अशा नोंदींची एक यादी तयार होते. यादीच्या शेवटी 'पुढे काही नाही' अशी रिकामी नोंद ठेवावी लागते, नाहीतर कर्नल पुढचा कचराही शब्द म्हणून वाचू लागेल.

येथे तुम्हाला एक शंका येईल. फाईलीचे नाव उर्दूत किंवा मराठीत असेल तर? उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. मग शब्द उलटे तुटणार नाहीत का? नाही. स्मृतीत अक्षरे ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने बसतात. उजवे-डावे हा फक्त पडद्यावर दाखवण्याचा प्रश्न आहे. दुसरी अडचण खणांची. एका खणात २५६ पेक्षा जास्त चिन्हे ओळखता येत नाहीत, मग जगातल्या साऱ्या लिप्या कशा मावणार? सप्टेंबर १९९२ मध्ये, न्यू जर्सीतील एका खाणावळीत जेवताना, याच केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत टेबलावरच्या कागदावर एक युक्ती आखली. तिला 'यूटीएफ-८' म्हणतात. तिच्यात उर्दूचे अक्षर दोन खण घेते आणि देवनागरीचे तीन. पण खरी खुबी पुढेच आहे. या लांब अक्षरांच्या प्रत्येक खणातील अंक १२८ किंवा त्याहून मोठाच असतो. म्हणजे त्यांच्या पोटात चुकूनही ३२ येत नाही. त्यामुळे उर्दू-मराठीचा विचार न करता लिहिलेला आपला भाबडा शेलसुद्धा 'किताब' किंवा 'पुस्तक' हे नाव मधेच तोडत नाही. मात्र 'मराठी निबंध' असे दोन शब्दांचे नाव दिले, तर त्याचे दोन तुकडे होतात. मोठे शेल अवतरणचिन्हांमधील मजकूर एकच शब्द मानतात. आपल्या शेलला ते शिकवावे लागेल. तोवर नावांत कोरी जागा सोडू नये, हे बरे.

आता मुख्य काम. शब्द मिळाले, पहिला शब्द 'डेट' आहे. शेलने 'डेट' हा प्रोग्राम चालवायचा. कसा?

युनिक्समध्ये चालू असलेल्या प्रोग्रामला 'प्रक्रिया' म्हणू. प्रत्येक प्रक्रियेला क्रमांक असतो. नवा प्रोग्राम चालवण्यासाठी दोन वेगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. पहिलीचे नाव 'फोर्क', दुसरीचे 'एक्झेक'. फोर्क म्हणजे फाटा, रस्त्याला फुटतो तसा. शेलने 'फोर्क' म्हटले की कर्नल त्या शेलची हुबेहूब दुसरी प्रत तयार करतो. आधी एक प्रक्रिया होती, आता दोन झाल्या. जुनी ती पालक, नवी ती बाल प्रक्रिया. दोघींच्या स्मृतीत तेच सामान, दोघी प्रोग्रामच्या त्याच ओळीवर उभ्या. मग पालक कोण आणि बाल कोण हे त्यांना तरी कसे कळावे? त्यासाठी फोर्क दोघींना निरनिराळे उत्तर देतो. बाल प्रक्रियेला शून्य मिळते आणि पालकाला बाळाचा क्रमांक, समजा ४०१. एकच प्रश्न एकदाच विचारला आणि दोन उत्तरे दोन घरांत आली. ही गोष्ट पहिल्या वाचनात पटत नाही. दोनदा वाचा आणि कागदावर दोन चौकटी काढून पाहा.

त्यानंतर बाल प्रक्रिया 'एक्झेक' म्हणते. त्याबरोबर तिच्या स्मृतीतला शेल पुसला जातो आणि त्या जागी 'डेट' हा प्रोग्राम भरला जातो. घर तेच, क्रमांकही ४०१ च, पण राहणारा बदलला. 'डेट' तारीख छापतो आणि संपतो. इकडे पालक शेल 'वेट' म्हणून स्वस्थ बसलेला असतो. बाळ संपल्याची वर्दी आली की तो उठतो आणि पुन्हा खूण दाखवतो.

एक्झेक यशस्वी झाला तर तो कधीच परत येत नाही, कारण परत येण्यासाठी जुना प्रोग्राम उरलेलाच नसतो. पण समजा, घाईत 'डेट'ऐवजी 'डेत' लिहिले. असा प्रोग्राम नाही, म्हणून एक्झेक फसतो आणि बाल प्रक्रिया पुढच्या ओळीवर येते. आता विचार करा, ती कोण आहे? ती अजूनही शेलची प्रतच आहे! तिला 'तू आता संप' असे आपण लिहून ठेवले नसेल, तर ती चक्राच्या सुरुवातीला जाते, खूण दाखवते आणि ओळ वाचू लागते. पडद्यावर काहीच वेगळे दिसत नाही. फक्त एकाच्या जागी एकात एक असे दोन शेल झालेले असतात. पाच वेळा चुकीची आज्ञा लिहा, सहा होतात. मग शेवटी 'एक्झिट' लिहून बाहेर पडायला जावे तर शेल जागचा हलत नाही आणि सहा वेळा 'एक्झिट' लिहावे लागते. उपाय एका ओळीचा आहे. एक्झेकच्या खाली 'आज्ञा सापडली नाही' असे छापून प्रक्रिया संपवावी. संपताना १२७ हा अंक मागे ठेवण्याची शेलांची रीत आहे. त्यावरून आज्ञा सापडलीच नव्हती, हे ओळखता येते.

'वेट'कडेही दुर्लक्ष करू नका. बाळ संपले तरी त्याचा क्रमांक आणि शेवटचा अंक कर्नलच्या वहीत राहतो. पालकाने विचारल्यावरच ती नोंद खोडली जाते. पालकाने विचारलेच नाही, तर मेलेल्या प्रक्रियांची नावे वहीत तशीच पडून राहतात. त्यांना 'झोंबी' म्हणतात. याउलट पालक आधी संपला तर बाळ अनाथ होते. अशा अनाथांना साधारणपणे १ क्रमांकाची प्रक्रिया दत्तक घेते. संगणकशास्त्रज्ञांनी शब्द निवडताना घरसंसार डोळ्यांसमोर ठेवला होता, हे उघड आहे.

आपला शेल आता चालू लागला. 'डेट' चालते, 'एलएस' चालते. मग आपण 'सीडी' लिहितो. सीडी म्हणजे या फोल्डरातून त्या फोल्डरात जा. शेल कुरकुर न करता खूण दाखवतो. पण 'एलएस' लिहून पाहावे, तर आपण जागच्या जागीच! बरे, चूक तर कोणतीच दाखवली नाही.

अशीच फसगत खुद्द युनिक्सच्या जनकांची झाली होती. रिची यांनी ती हकिकत पुढे आपल्या एका लेखात सांगितली आहे. युनिक्सचा जन्म पीडीपी-७ नावाच्या एका लहान यंत्रावर झाला. तेव्हा सी भाषाही नव्हती. सारे काही असेंब्लीत, म्हणजे त्याहूनही खालच्या पातळीच्या भाषेत लिहावे लागे. सुरुवातीला फोर्क नव्हता. प्रत्येक टर्मिनलमागे एकच प्रक्रिया असे. शेल आज्ञा वाची आणि त्या आज्ञेच्या प्रोग्रामला स्वतःच्याच जागेवर बसवी. तो संपला की शेल पुन्हा नव्याने भरला जाई. नंतर त्यांनी फोर्क घातला. त्यासाठी बरोबर २७ ओळी पुरल्या, असे रिची लिहितात. सगळे सुरळीत चालले आणि एकाएकी फोल्डर बदलण्याची आज्ञा बंद पडली. मंडळींनी प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचले. फोर्कचा आणि फोल्डर बदलण्याचा काय संबंध, हे कोणाला उमगेना.

तुम्हाला उमगले का? प्रत्येक प्रक्रियेचा 'मी सध्या कोणत्या फोल्डरात आहे' हा पत्ता स्वतंत्र असतो. पूर्वी प्रक्रिया एकच होती, तेव्हा तिचा पत्ता बदलला की काम झाले. आता आज्ञा पाळायला बाल प्रक्रिया जाऊ लागली. तिने आपला पत्ता इमानाने बदलला आणि लगेच ती संपली. पालक शेलच्या पत्त्याला कोणी हातही लावला नव्हता. मुलगा नागपूरला गेला म्हणून मालेगावात बसलेला बाप नागपूरला पोहोचत नाही, तसेच हे.

तेव्हा त्यांनी जो उपाय केला तोच आपणही करायचा. शब्द मिळाल्यावर फोर्क करण्यापूर्वी पाहायचे की, पहिला शब्द 'सीडी' आहे का? असेल तर कोणालाही न पाठवता शेलने स्वतःच आपला पत्ता बदलायचा. 'एक्झिट'चेही तसेच, बाळाला 'संप' म्हणून शेल संपत नाही. या आज्ञांना अंगभूत आज्ञा म्हणतात. कोणती आज्ञा अंगभूत असावी, याचे पाठांतर करण्याची गरज नाही. जी आज्ञा शेलचीच स्थिती बदलते, ती शेलनेच पाळली पाहिजे.

फोर्क आणि एक्झेक या दोन पायऱ्या वेगळ्या का ठेवल्या, 'हा प्रोग्राम चालव' अशी एकच आज्ञा का केली नाही, असे तुम्ही विचाराल. त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये एक मोकळा क्षण असतो. बाळ जन्मले आहे, पण अजून त्याचा वेश बदललेला नाही. त्या क्षणी आपण त्याच्यासाठी तयारी करू शकतो. प्रत्येक प्रक्रियेला तीन दारे मिळालेली असतात. ० क्रमांकाच्या दारातून ती वाचते, १ मधून लिहिते, २ मधून तक्रार करते. ही दारे साधारणतः कीबोर्डाला आणि पडद्याला जोडलेली असतात. समजा, तारीख पडद्यावर न येता 'नोंद' नावाच्या फाईलीत जायला हवी. तर बाल प्रक्रियेने त्या मोकळ्या क्षणी १ क्रमांकाचे दार बंद करायचे आणि 'नोंद' ही फाईल लिहिण्यासाठी उघडायची. कर्नलचा नियम असा की, नव्याने उघडलेल्या फाईलीला सर्वांत लहान रिकामा क्रमांक द्यायचा. रिकामा झाला होता १, म्हणून फाईलीला १ मिळतो. मग एक्झेक होतो आणि 'डेट' नेहमीप्रमाणे १ मध्ये लिहितो. आपण पडद्यावर लिहितो आहोत की फाईलीत, हे त्या बिचाऱ्याला कळतही नाही. त्याच्या एका अक्षरातही बदल करावा लागला नाही. मला विचाराल तर युनिक्समधील सर्वांत देखणी जागा हीच.

याच युक्तीवर 'पाइप' उभा आहे. डग मॅकिलरॉय हे बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ. बागेतल्या पाण्याच्या नळ्या एकीला एक जोडतात तसे प्रोग्राम जोडता यावेत, असे त्यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते. १९७३ साली थॉम्पसन यांनी एका रात्रीत ते युनिक्समध्ये उतरवले. दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ लिहायची. पहिलीचे १ क्रमांकाचे दार नळीच्या एका तोंडाला आणि दुसरीचे ० क्रमांकाचे दार दुसऱ्या तोंडाला जोडले जाते. 'हू' ही आज्ञा कोण कोण संगणकावर आहे त्याची यादी देते आणि 'सॉर्ट' यादी अकारविल्हे लावते. मध्ये रेघ ओढली की नावे लावूनच बाहेर येतात.

आपल्या शेलमध्ये पाइप घालायचा तर नळी आधी तयार करून मग दोनदा फोर्क करावा लागतो. येथे भले भले अडकतात. प्रत घेताना उघड्या दारांचीही प्रत होते, म्हणून नळीचे लिहिण्याचे तोंड तीन ठिकाणी उघडे राहते, दोन बाळांकडे आणि पालकाकडे. 'सॉर्ट' सगळी नावे आल्याशिवाय काही छापत नाही. सगळी आली हे त्याला कळते केव्हा, तर लिहिण्याचे तोंड सर्वांनी बंद केल्यावर. पालकाने आपल्याकडचे तोंड उघडे ठेवले, तर 'सॉर्ट' वाट पाहत राहतो, पालक 'सॉर्ट' संपण्याची वाट पाहत राहतो आणि पडदा गप्प. तुम्ही आधी, तुम्ही आधी, असे करत दारात खोळंबलेल्या दोन पाहुण्यांची गत. म्हणून ज्याला जे तोंड लागत नाही ते त्याने लगेच मिटावे.

एक सावधगिरीची सूचना. फोर्क चुकून भलत्या चक्रात पडला तर एकाचे दोन, दोनाचे चार, असे होत दहा फेऱ्यांत १०२४ प्रक्रिया होतात आणि संगणक गुदमरतो. शाळेच्या संगणकावर प्रयोग करायचा असेल, तर आधी शिक्षकांना विचारा आणि तुमच्या खात्याला किती प्रक्रिया करता येतील याची मर्यादा घालून घ्या.

शेवटी उरते कंट्रोल आणि सी या कळांची जोडी. एखादा प्रोग्राम लांबला की त्या दाबून आपण त्याला थांबवतो. आपल्या शेलमध्ये त्या दाबल्या तर प्रोग्रामबरोबर शेलही मरतो, कारण तो इशारा टर्मिनलसमोरच्या साऱ्या गटाला जातो आणि आपला शेल त्याच गटात असतो. तेव्हा शेलने सुरुवातीलाच 'हा इशारा मी ऐकणार नाही' असे कर्नलला कळवावे. पण मग बाळही बहिरे जन्मते, आणि एक्झेक झाला तरी ते बहिरेपण जात नाही. म्हणून फोर्क आणि एक्झेक यांच्यामधील त्याच मोकळ्या क्षणी बाल प्रक्रियेत एक ओळ लिहावी लागते. हा इशारा आला तर नेहमीप्रमाणे थांब, एवढेच ती ओळ सांगते. ती लिहून झाली की शेल पुन्हा चालू करून पाहावा. 'स्लीप १००' ही आज्ञा द्यावी, म्हणजे शंभर सेकंद काहीच न करणारा प्रोग्राम सुरू होईल. मग कंट्रोल आणि सी दाबावे. 'स्लीप' थांबला पाहिजे आणि आपली खूण पुन्हा पडद्यावर उभी राहिली पाहिजे.